ग्रहणकाळातील बालनेत्ररक्षण

सूर्यग्रहण फक्त अमावास्येलाच लागते. चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधे येतो, त्याची सावली पृथ्वीवर पडते आणि त्या सावलीत सापडलेली मुले दंडाला धरून घरात नेली जातात. पहिल्या दोन गोष्टी आर्यभटाने दीड हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवल्या. तिसरी त्याने लिहिली नाही. ती बहुधा त्याच्याही घरात सर्वांना पाठ असावी.

ग्रहणातून कोणतेही विषारी किरण निघत नाहीत. सूर्य रोजचाच असतो. रोज त्याच्याकडे पाहिले की डोळे आपोआप मिटतात, डोळ्यांतून पाणी येते आणि मान खाली जाते. सूर्याचा बराचसा भाग झाकला गेला की उजेड सौम्य वाटतो आणि डोळे उघडे राहतात. पण जी कोर शिल्लक असते तिचा प्रत्येक तुकडा पूर्वीइतकाच प्रखर असतो. भिंग धरून उन्हात कागद जाळण्याचा प्रयोग शाळेच्या मागच्या बाजूला सर्व पिढ्यांनी केलेला आहे. डोळ्यातले भिंग तोच प्रयोग आतल्या दृष्टिपटलावर करते. तिथे कागद नसतो, एवढाच फरक. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होत असताना मूल बेधडक सांगते, "काही होत नाही, बघा ना!" आणि हे ऐकून शेजारची चार मुलेही मान वर करतात. इजा कळते काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी. नजरेच्या बरोबर मध्यभागी डाग दिसू लागतो. फळ्यावर जो शब्द वाचायचा तेवढाच नेमका गायब होतो आणि आजूबाजूचे सगळे दिसत राहते. पोराने अभ्यास केलेला नाही, असे निदान वर्गात तत्काळ होते.

मुलांच्या डोळ्यातले भिंग मोठ्यांच्या भिंगापेक्षा स्वच्छ असते. वयाबरोबर ते पिवळसर होत जाते आणि निळे-जांभळे, अपायकारक किरण थोडेफार अडवू लागते. लहानपणी ते सरळ आत जातात. म्हणजे निसर्गाने ग्रहण पाहण्याची थोडीशी जास्त तयारी आजोबांची करून दिली आहे आणि हौस सगळी नातवाला दिली आहे. त्यातही मुलांना ग्रहण फार आवडते असे नाही. मुलांना "पाहू नको" हे वाक्य आवडते. एरवी वर्षभर एकही मूल सूर्याकडे ढुंकून पाहत नाही, त्या दिवशी आजी ओट्यावरून ओरडते, "वर नको देखू रे पोऱ्या, डोया जातीन!" आणि सबंध गल्ली वर देखते. त्यात ओरडणारी आजीही असते.

घरातील संरक्षणव्यवस्था ग्रहणाच्या चार प्रहर आधी, वेध लागल्यापासून सुरू होते. तिचा रोख प्रामुख्याने खाद्यपदार्थांवर असतो. दह्याच्या भांड्यावर तुळशीचे पान, लोणच्याच्या बरणीवर दर्भ, पिण्याच्या पाण्याच्या हंड्यावर पुन्हा तुळस. पोरांच्या डोळ्यांवर काहीही नाही. गरोदर सुनेने विळी धरायची नाही, कात्री धरायची नाही, सुई धरायची नाही, यावर घरातल्या पाच जणांचे लक्ष असते. अंगणातल्या सहा पोरांवर लक्ष ठेवण्याचे काम सातव्या पोराकडे सोपवलेले असते. समोरच्या बाजूला विवेकवाद्यांची फळी असते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते ग्रहणातच चहा-पोह्यांचा कार्यक्रम ठेवतात. तिथे चष्मेही वाटले जातात, पण मुलाला विचारले तर त्याला दोन्ही बाजूंचा मुद्दा एकच वाटतो: एका घरात ग्रहणात खायचे नाही, दुसऱ्या ठिकाणी खाल्लेच पाहिजे. ते पोहे खाते, घरी येऊन आंघोळही करते.

खानदेशातल्या नंदुरबार जिल्ह्याने अलीकडच्या काळात खग्रास सूर्यग्रहण एकदा अनुभवले, ते २२ जुलै २००९ रोजी, बुधवारी. चंद्राची गडद सावली खंबायतच्या आखाताकडून देशात शिरली आणि सुरत, नंदुरबार, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा अशी पुढे सरकत पॅसिफिक महासागरात गेली. महासागरात एका ठिकाणी तिने ६ मिनिटे ३९ सेकंद मुक्काम केला. खग्रास अवस्थेचा हा या शतकातला सर्वांत मोठा काळ, आणि तो जिथे मिळाला तिथे पाहायला मासेच होते. नंदुरबारच्या वाट्याला तीन मिनिटांच्या आतबाहेरचा काळ आला, तोही पहाट सरता सरता, सहा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी. सूर्य उगवला तोच खाल्लेला उगवला आणि क्षितिजावर जेमतेम चढतो न चढतो तोच पुरता झाकला गेला. ज्या मुलाला शाळेसाठी उठवायला घरातली तीन माणसे आणि एक तांब्या पाणी लागते, ते मूल त्या दिवशी साडेपाचला स्वतःहून उठले होते.

तिथी होती आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. घरातले पितळी दिवे, समया, निरांजने घासूनपुसून पाटावर मांडायची आणि त्यांची पूजा करायची, असा हा दिवस. घरोघरचे दिवे लखलखीत करण्याच्या नेमक्या त्या दिवशी सकाळी वरचा दिवा मालवला गेला. याच अमावास्येचे दुसरे, अनौपचारिक नाव गटारी. आदल्या रात्रीच ती साजरी करून बसलेल्यांना सकाळी साडेसहाच्या सुमाराला पडलेल्या अंधाराचे कारण घरच्यांना पटवून देणे कठीण गेले असणार.

खग्रास ग्रहणाच्या बाबतीत शास्त्र आणि घर यांची वेळापत्रके बरोबर उलटी असतात, हे इथे लक्षात घ्यावे लागते. सूर्य पूर्ण झाकला जातो तेवढ्या दोन-तीन मिनिटांतच उघड्या डोळ्यांनी पाहणे सुरक्षित असते. चंद्राच्या काळ्या चकतीभोवती सूर्याचे प्रभामंडळ दिसते, भर दिवसा ग्रह दिसतात, आणि जगभरातली माणसे एवढ्यासाठी घरदार विकून हिंडत असतात. नेमक्या त्या दोन-तीन मिनिटांत मुले गोधडीखाली असतात. मग उजेड परत येतो. आजी खिडकीची फट पाहून जाहीर करते, "सुटलं!" दार उघडले जाते आणि मुले अंगणात धावतात. प्रत्यक्षात सुटलेले काहीही नसते. २००९ साली ग्रहण पूर्ण सुटायला त्यानंतर आणखी जवळजवळ तास होता आणि तो सगळा तास सूर्याची धारदार कोर पूर्वेला टांगलेली होती. धोक्याच्या वेळी अंगणात आणि सुरक्षित वेळी घरात, अशी ही व्यवस्था अनेक पिढ्या न चुकता चालत आली आहे.

मुलांचे डोळे त्या वर्षी ज्याने खऱ्या अर्थाने सांभाळले त्याचा उल्लेख कुठल्याच सत्कारात झाला नाही. जुलै हा पावसाचा महिना. सुरतेत ढग होते. बिहारमधल्या तारेगणा या गावी तर शास्त्रज्ञ, पत्रकार आणि हजारो लोक दुर्बिणी लावून बसले होते, तिथेही ढगच दिसले. वाराणसीला मात्र सूर्याने दर्शन दिले. ढगांच्या वरून अंधार आला आणि गेला, पाखरे गोंधळली, आणि तारेगण्याला गेलेले लोक अंधाराचेच फोटो घेऊन परतले.

ढग नसतील तेव्हा घरातील साधने बाहेर निघतात. त्यांत पहिला मान एक्स-रेचा. प्रत्येक खानदेशी घरात एक तरी एक्स-रे असतोच. तो कपाटाच्या वर, लग्नपत्रिका आणि सातबारा यांच्या मधे, वर्षानुवर्षे ग्रहणाची वाट पाहत असतो. बहुतेकदा तो आजोबांच्या गुडघ्याचा निघतो. एक फिल्म, तिच्याभोवती नऊ डोकी, आणि शास्त्रीय निरीक्षण सुरू होते.

"आबा, सूर्य कुठे आहे?"

"वाटीच्या डाव्या बाजूला बघ."

"ही कोर आहे की हाड?"

"हाडच आहे. डॉक्टरपण हेच म्हणत होते."

एक्स-रेमध्ये हाड जिथे असते तिथे फिल्म पांढरी, म्हणजे जवळजवळ पारदर्शक असते. आजोबांचा गुडघा जितका ठणठणीत, तितका त्यातून सूर्य जास्त आत येतो. काळ्या भागातूनही डोळ्याला न दिसणारे उष्ण किरण जाऊ शकतात आणि फिल्मचा काळेपणा सगळीकडे सारखा नसतो. अलीकडे दवाखान्यात एक्स-रे मोबाइलवरच पाठवतात, त्यामुळे ही परंपरा आपोआप बंद पडेल अशी आशा होती. पण सीडीवर एक्स-रे घेतलेल्यांनी आता सीडीच डोळ्याला लावायला सुरुवात केली आहे. सीडीही चालत नाही.

काजळी धरलेली काच हे दुसरे पारंपरिक साधन. चिमणीच्या धुरावर काच फिरवायची, मग ती तोंडाजवळ आणून पाहायची. या पद्धतीने ग्रहण दिसते की नाही यावर मतभेद आहेत, पण नाकाच्या शेंड्यावर काळा ठिपका हमखास उमटतो. काजळीचा थर कुठे जाड, कुठे पातळ, आणि जिथे बोट लागले तिथे नाहीच. चिखलात रुतलेल्या ट्रॉलीची वेल्डिंग करून देणाऱ्या दुकानातली काच तिसरी. ही काच खरोखर कामाची ठरू शकते, मात्र ती १४ नंबरची हवी. दुकानात सहसा १० किंवा ११ नंबरची असते. "दहा काय नि चौदा काय, चार नंबरांनी काय बिघडतंय?" असे दुकानदार म्हणतो. बिघडते. या मोजणीत दर नंबराला प्रकाश दुपटीहून जास्त बदलतो.

परात हे सर्वांत वादग्रस्त साधन होय. परातीत पाणी घेऊन त्यात हळद किंवा शेण कालवायचे आणि पाण्यातला सूर्य पाहायचा, असा एक प्रघात आहे. त्याच परातीत पाणी घेऊन मधे मुसळ उभे करायचे, असा दुसरा. ग्रहण लागले की मुसळ आधाराशिवाय उभे राहते आणि सुटले की पडते, असे सांगतात. घरात परात एकच असल्याने दोन पक्ष पडतात. मुसळपक्ष नेहमी जिंकतो, कारण त्या पक्षात आजी असते. मुसळाचा तळ सपाट असेल तर ते कुठल्याही मंगळवारी उभे राहते. पण ग्रहण नसताना परातीत मुसळ उभे करून पाहणाऱ्या माणसाविषयी गावात जे बोलले जाईल त्या भीतीने हा प्रयोग सहसा होत नाही. बालनेत्ररक्षणाच्या दृष्टीने मुसळपक्षाचा विजय स्वागतार्ह आहे. पाण्यातले प्रतिबिंबही डोळ्याला घातकच असते, उभे मुसळ मात्र तासभर टक लावून पाहिले तरी इजा होत नाही. प्रकाशे इथे, तापी आणि गोमाईच्या संगमावर स्नानाला जाणाऱ्यांनी मुलांना हे विशेष सांगावे. तिथे नदीभर सूर्य पसरलेला असतो आणि मुसळ कोणी आणलेले नसते.

गॉगलविषयी आकडेच बोलके आहेत. साध्या गॉगलमधून शंभरातला १५ च्या आसपास प्रकाश आत जातो, म्हणजे लाखात १५ हजार. एकावर एक दोन गॉगल लावले, जसे काही काकालोक मोठ्या ऐटीत लावतात, तरी लाखात दोन हजारांहून जास्त उरतो. ग्रहणचष्म्यासाठीच्या आयएसओ १२३१२-२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लाखात तीन-एक भागांहून अधिक प्रकाश जाता कामा नये. एवढ्या कमी उजेडात सूर्याखेरीज काहीच दिसत नाही. इथूनच नवी अडचण उद्भवते. वडील चष्मा विकत आणतात, हॉलमध्ये लावून पाहतात आणि म्हणतात, "काहीच दिसत नाही, फसवलं आपल्याला." मग तो परत करून, ट्यूबलाइट, कॅलेंडर आणि शेजारच्या काकू स्वच्छ दिसणारा दुसरा चष्मा आणतात. पहिला खरा होता.

चष्मा जपून ठेवण्याची वृत्ती आणखी घातक. २००९ साली आणलेला पुठ्ठ्याचा चष्मा २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात निघाला, तेव्हा त्याला घडीच्या जागी पांढरी रेघ पडलेली होती. ओरखडा, सुरकुती किंवा टाचणीएवढे छिद्र असलेला चष्मा टाकून द्यावा. पण तो टाकण्याऐवजी "लहान पोराला चालेल" असे म्हटले जाते. घरातला फुटका कप, तुटकी छत्री आणि ओरखडलेला चष्मा यांवर धाकट्यांचा वंशपरंपरागत हक्क असतो.

त्यानंतरची दोन ग्रहणे नंदुरबारला खंडग्रासच दिसली. २१ जून २०२० रोजी रविवार होता, टाळेबंदीमुळे शाळा बंद होत्या, आणि मुलांना घरात ठेवण्याचे काम सरकारच करत होते. २५ ऑक्टोबर २०२२ चे ग्रहण लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी लागले आणि सूर्य ग्रहणासकटच मावळला. त्या दिवशी लाडूच्या डब्यावर तुळस आणि डब्याशेजारी आजी, असा बंदोबस्त होता. त्यामुळे मुलांचे लक्ष आकाशाकडे फारसे गेलेच नाही. यापूर्वीही असा एक प्रयोग देशात झालेला आहे. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात लोकांनी घरातच राहावे म्हणून दूरदर्शनने भर दुपारी हिंदी चित्रपट दाखवला आणि मुंबईचे रस्ते ओस पडले. सातपुड्याच्या डोंगरात तेव्हा दूरदर्शन पोहोचलेले नव्हते, त्यामुळे तिथे लोक पूर्वापार पद्धतीनेच घरात बसले.

सूर्याकडे पाठ करून ग्रहण पाहणे ही सर्वांत सुरक्षित पद्धत आहे आणि म्हणूनच ती कोणाला पटत नाही. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडायचे, ऊन त्यातून येऊ द्यायचे आणि मागे पांढरा कागद धरायचा. कागदावर सूर्याचे चित्र उमटते, ग्रहणात त्याचीच कोर दिसते. कागद एक मीटर अंतरावर असेल तर चित्र साधारण नऊ मिलिमीटरचे पडते. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा यासाठी उत्तम आणि खानदेशात त्याचा तुटवडा नाही. ग्रहणाच्या आदल्या दिवशी सर वर्गात हे सगळे समजावून सांगतात, प्रात्यक्षिक करतात, आणि विचारतात, "कळलं?"

"हो, सर."

"मग सांग, भोकातून कुठे बघायचं?"

"सूर्याकडे, सर."

भोकातून पाहायचे नसते, हे वाक्य फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा माराव्यात. तरीही एक मूल डोळा लावतेच; त्याला मागच्या बाकावर न बसवता सरांनी सोबत ठेवावे. दुसरा उपाय आरशाचा. लहान आरशाला मधे छोटे भोक ठेवलेला कागद चिकटवायचा, आरसा अंगणात ठेवायचा आणि कवडसा अंधाऱ्या वर्गातल्या भिंतीवर पाडायचा. दहा मीटरवर सूर्य नऊ-एक सेंटिमीटरचा दिसतो आणि साठ मुले एकाच वेळी तो पाहू शकतात. हा आरसा मात्र विटेने पक्का टेकवून ठेवावा. मुलाच्या हातात दिल्यास ग्रहण पहिली दोन मिनिटे भिंतीवर आणि पुढे मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर दिसते.

सर्वांत सोपे साधन म्हणजे चाळणी. पिठाची नको, मोठ्या भोकांची, धान्याची. ती उन्हात धरली की जमिनीवर भोकाभोकाला एकेक चंद्रकोर पडते. कडुनिंबाच्या झाडाखाली उभे राहिले तर चाळणीचीही गरज नाही. पानांच्या फटींतून आलेला प्रत्येक कवडसा हे सूर्याचेच चित्र असते आणि ग्रहणात सगळी जमीन कोरांनी भरून जाते. या दृष्टीने धडगाव-अक्कलकुव्याकडची कुडाच्या भिंतींची, कौलारू घरे ही ग्रहणासाठीच बांधल्यासारखी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या आज्यांनी पोरांना आत कोंडले, दार लावले, कुडाच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि कौलांच्या फटींतून ग्रहण पोरांच्या समोर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर येऊन बसले. बाहेरच्या लोकांपेक्षा ते त्यांना जास्त स्पष्ट दिसले. पोरांनी ही गोष्ट आजीला सांगितली नाही.

दुर्बीण किंवा कॅमेरा यांच्याविषयी लांबण लावायची गरज नाही. त्यांतून सूर्याकडे पाहिले की इजा क्षणात होते, आणि डोळ्यावर ग्रहणचष्मा लावून दुर्बिणीतून पाहिले तर एकवटलेले ऊन आधी चष्मा जाळते, मग डोळा. दुर्बिणीला पुढच्या बाजूने सूर्यासाठीची खास गाळणी लावलेली असेल आणि जवळ जाणकार उभा असेल तरच मुलाला तिच्याजवळ जाऊ द्यावे. जाणकार म्हणजे गावातला सर्वांत मोठ्याने बोलणारा माणूस नव्हे.

ग्रहण सुटल्यावर "दे दान, सुटे गिऱ्हाण" अशी हाक येते, आंघोळी होतात, हंड्यातले पाणी ओतले जाते आणि मुसळ आडवे होते. मुलांच्या डोळ्यांची चौकशी त्याच वेळी सुरू झाली पाहिजे, कारण खरी लक्षणे त्यानंतरच्या काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी दिसू लागतात. मूल नजरेच्या मधोमध डाग सांगत असेल, सरळ रेघ वाकडी दिसते म्हणत असेल, एकेक डोळा झाकून विचारल्यावर एका डोळ्याने अक्षर लागत नसेल, तर दूध, गुलाबपाणी, काजळ आणि शेजाऱ्यांनी सुचवलेले अन्य थेंब न घालता त्याला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. यावर खात्रीचा उपाय नाही. काहींची नजर काही महिन्यांत बऱ्यापैकी सुधारते, काहींचा डाग कायम राहतो.

ग्रहणे एका चक्राने फिरतात. १८ वर्षे आणि साधारण ११ दिवसांनी जवळजवळ तसेच ग्रहण पुन्हा लागते, फक्त पृथ्वीवरची जागा बदलते. २२ जुलै २००९ चे ग्रहण त्याप्रमाणे २ ऑगस्ट २०२७ रोजी येते आहे. खग्रास पट्टा यावेळी स्पेन आणि इजिप्तकडे असेल. नंदुरबारला सूर्याचा थोडासा भाग दुपारनंतर झाकलेला दिसेल, अर्थात ढगांनी हरकत घेतली नाही तर. थोडासाच भाग झाकला जाणार म्हणून धोका थोडासा, असे नाही. उरलेला सूर्य उघडाच असतो आणि त्या दिवशी चष्मा एक क्षणही काढायचा नाही. त्या दिवशी सोमवार आहे, शाळा भरलेली असेल, आणि पुन्हा आषाढ अमावास्याच आहे. चष्मे आणायचे असतील तर आधीच आणून ट्यूबलाइटकडे पाहून तपासावेत, आणि धान्याची चाळणी शेजाऱ्यांनी नेली असल्यास मागून आणावी.